कासवांच्या गावी पाहुणे

वाचकहो, आपल्या घरी पाहुणे येतात ते लग्नकार्याला, जत्रेला, नाहीतर आंब्याच्या दिवसांत. त्यांच्याकडून कोणी पैसे घेत नाही. उलट निघताना त्यांच्या पिशवीत शेंगा, पायली-दोन पायली तांदूळ, चार नारळ घालून त्यांना वाटेला लावायचे ही आपली रीत. मग मुंबई-पुण्याचा कोणी अनोळखी माणूस बायकोमुलांसह तुमच्या पडवीत उतरतो, दोन वेळा जेवतो, रात्री पंख्याखाली झोपतो आणि सकाळी त्याचे पैसे मोजून देतो, हे ऐकले की जरा अवघडल्यासारखे होते. घर म्हणजे काय खानावळ आहे, असे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून हमखास येते.

पण रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे एक छोटे गाव आहे, तिथे नेमके हेच गेली कित्येक वर्षे चालू आहे. तिथे धबधबा नाही, मोठे हॉटेल नाही, आणि किनाऱ्यावर उंटघोडेही नाहीत. लोक येतात ते हाताच्या तळव्यावर मावेल अशा कासवाच्या पिल्लाला वाळूतून समुद्राकडे चालत जाताना बघायला. हे कसे घडले, आणि त्यातून तुमच्या-माझ्या गावाला घेण्यासारखे काय आहे, ते आज पाहू.

सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे बाणकोटचा किल्ला आहे. त्याच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर वेळास. पेशवाईतले नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. साडेतीन शहाण्यांतले अर्धे ते हेच. तलवार चालवीत नव्हते म्हणून अर्धे, एवढेच. गावात नारळी-पोफळीच्या वाड्या, डोंगरउतारावर आंबा-काजू, खाली भाताची खाचरे. कोकणातल्या बहुतेक गावांसारखीच इथलीही तरुण मंडळी मुंबईला, आणि मागे राहिलेल्यांची नजर पोस्टमनच्या वाटेकडे, असा काळ या पट्ट्याने पुष्कळ वर्षे पाहिला.

अंडी चोरणारे हात

२००२ सालची गोष्ट. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेची मंडळी भाऊ काटदरे यांच्याबरोबर समुद्र गरुडाची घरटी शोधत या किनाऱ्यावर फिरत होती. गरुड पाहता पाहता त्यांना वाळूत उकरलेले खड्डे आणि फुटलेल्या अंड्यांची टरफले दिसली. ती होती समुद्री कासवांची. ऑलिव्ह रिडले नावाचे हे कासव. मादीचे वजन चाळीस-पंचेचाळीस किलो. हिवाळ्यात रात्रीच्या वेळी ती किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी मडक्याच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. परत घरट्याकडे फिरकतही नाही.

पुढे त्या अंड्यांचे काय होई? काही कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरायची, आणि उरलेली माणसांनी. कासवाची अंडी खाण्याची व विकण्याची जुनी सवय किनाऱ्यावर सगळीकडेच होती, त्यात वेळासचे वेगळे काही नव्हते. वाळूवर उमटलेला मादीचा माग ट्रॅक्टरच्या चाकासारखा दोन्ही बाजूंनी कातरलेला दिसतो. तो माग ओळखणाऱ्याला घरटे सापडायला वेळ लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला आज वाघाइतकेच संरक्षण आहे. पण कायद्याचे पुस्तक मुंबईला आणि अंडी वेळासला, अशी स्थिती.

संस्थेपुढे दोन वाटा होत्या. पोलिसांत तक्रार करायची, नाहीतर गावाशी बोलायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. ज्यांना माग काढता येत होता, त्याच गावकऱ्यांना किनाऱ्यावर गस्त घालायला घेतले आणि त्यांना थोडे मानधन सुरू केले. मला या साऱ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. अंडी शोधण्याची जी विद्या चोरीसाठी वापरली जात होती, तीच राखणीला लावली. केरळात पेरियारच्या जंगलातही असेच घडले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे रानटी दालचिनीची साल चोरून काढणाऱ्या मंडळींनीच वनखात्याशी समेट करून वाटाड्यांचे आणि राखणदारांचे काम पत्करले. जंगलाच्या आडवाटा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक असणार?

वेळासला पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली. पुढे गावातल्या मंडळींचे ‘कासव मित्र मंडळ’ उभे राहिले. वनखातेही या कामात उतरले.

काम कसे चालते ते सांगतो, कारण शेतकऱ्याला त्यातली नजाकत लगेच कळेल. पहाटे माग दिसला की घरटे शोधायचे, अंडी हलक्या हाताने काढायची आणि काही तासांच्या आत किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा, सुमारे दीड फुटाचा खड्डा करून त्यात ठेवायची. उशीर झाला किंवा अंडे उलटेपालटे झाले तर आतला जीव जगत नाही. खड्ड्यापाशी पाटी लावायची, तारीख आणि अंड्यांची संख्या लिहायची. मग पंचेचाळीस ते साठ दिवस वाट पाहायची. कोंबडी खुडूक बसवल्यावर दिवस मोजतो ना, तसेच. फक्त इथे ऊब देते ती वाळू. आणखी एक नवल असे की, पिल्लू नर होणार की मादी हेही वाळूच्या उष्णतेवरच ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक.

दिवस भरत आले की खड्ड्यावर वेताची टोपली पालथी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून पाहायची. पिल्ले वर आलेली असली तर ती समुद्रापासून काही अंतरावर वाळूत सोडायची आणि त्यांची ती चालू द्यायची. उचलून पाण्यात टाकायची नाहीत. हजारांतले एखादेच मोठे होते असे जाणकार सांगतात. मोठे झालेले कासव कुठवर जाते याची एक गंमत ऐका. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. अर्धा हिंदुस्थान वळसा घालून बाई आली!

पडवीतला मुक्काम

पिल्ले समुद्रात जाताना पाहणे हे दृश्यच असे आहे की एकाने पाहिले की तो दहा जणांना सांगतो. २००६ च्या सुमारास संस्थेने आणि गावाने मिळून कासव महोत्सव सुरू केला. लोक येऊ लागले. पण उतरणार कुठे? गावात लॉज नव्हता. तेव्हा गावातल्या घरांनीच दारे उघडली. कोणी माजघर दिले, कोणी पडवी, कोणी माडीवरची खोली. जेवणही घरचेच. आमटी-भात, घावन, कुळथाचे पिठले, सोलकढी, आणि पाहुणा गोडखाऊ असला तर उकडीचे मोदक.

आता तुम्ही विचाराल, यात मिळते किती? सरळ हिशेब करू. आकडे माझे, केवळ उदाहरणापुरते. समजा, पिल्ले निघण्याच्या हंगामात, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, तुमच्याकडे आठ शनिवार-रविवार पाहुणे आले. दर खेपेला सहा माणसे, आणि माणशी दिवसाचे सातशे रुपये. म्हणजे एका दिवसाच्या मुक्कामाप्रमाणे तेहतीस हजार सहाशे झाले. त्यातून किराणा, गॅस, चादरी धुणे, वीज, भांडी घासायला घेतलेली बाई, असा निम्मा खर्च वजा करा. हातात सोळा-सतरा हजार राहिले. मुलाची फी निघेल, छपराची कौले बदलून होतील. पण हा पैसा शेती सोडून देण्याइतका नव्हे. जो तुम्हाला यापेक्षा मोठी स्वप्ने दाखवील त्याच्यापासून जरा सावध राहा.

या हिशेबात एक खर्च आपण नेहमी विसरतो. तो म्हणजे घरातल्या बाईचे कष्ट. पहाटे पाचला उठून सहा माणसांचा चहा, मग घावन, मग दुपारचे जेवण. मधे गुरांचे शेण, वाडीचे शिंपणे आहेच. मोदक वळते ती, आणि पैसे कोपरीच्या खिशात जातात यजमानांच्या! भाऊराव, राग मानू नका. पाहुण्यांचे पैसे घरातल्या बाईच्या खात्यात जमा व्हावेत, निदान त्याची वही तिच्या हाती असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या कोळणींनी पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवायचे काम सुरू केले, वल्हे त्यांच्याच हातात आणि हिशेबही त्यांचाच. तिथे हा प्रश्नच उरला नाही.

आणि हो, पाहुण्याला संगमरवर नको असते. स्वच्छ संडास, उकळलेले पिण्याचे पाणी, धुतलेली चादर आणि डासांपासून बचाव, एवढे असले की तो तुमच्या कुडाच्या भिंतीचेही कौतुक करतो. संडास नीट नसेल तर मात्र मोदक कितीही सुरेख वळा, तो परत येणार नाही. पहिला पैसा तिथे घाला. राज्याची ‘न्याहारी व निवास’ योजना आहे, आणि २०२० पासून राज्याचे कृषी पर्यटन धोरणही आहे. घराची किंवा शेताची नोंदणी करायची तर चौकशी तिथून सुरू करावी.

एकाच वर्षात दोन घाव

हे सारे गोड गोड वाटत असेल तर २०२० साल आठवा. मार्चमध्ये, ऐन पिल्ले निघण्याच्या दिवसांत, टाळेबंदी आली. गावाच्या वाटा बंद झाल्या, पाहुणे येणे थांबले. कासवांना टाळेबंदी नव्हती. बघायला येणारेच कोणी उरले नाही. ते दुःख गिळतो न गिळतो तोच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर धडकले. खाडीच्या अलीकडे मंडणगड-दापोलीच्या किनारपट्टीवरही वाड्याच्या वाड्या झोपल्या. घरांची छपरे उडाली, माड मधोमध पिळवटून मोडले, पोफळी तर काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी हाती यायला सहा-सात वर्षे. आजोबांनी लावलेले बाग एका दुपारी गेले.

त्या वर्षी ज्याचे फक्त पाहुण्यांवर पोट होते त्याचे हाल झाले, आणि ज्याची फक्त वाडी होती त्याचेही. ज्याच्याकडे थोडा भात होता, दोन दुभती होती, गावाबाहेर कोणी कमावते होते, तो कसाबसा उभा राहिला. पुढे लोक पुन्हा प्रवासाला निघू लागले, तेव्हा वाडी उभी राहीपर्यंत या पाहुण्यांचाच आधार होता. म्हणून म्हणतो, पाहुण्यांच्या धंद्याला म्हशीसारखे मानावे. दूध देते तोवर उत्तम, पण सगळी जमीन विकून कोणी म्हशी घेत नाही.

जमीन विकण्यावरून आठवले. गावाचे नाव झाले, वर्तमानपत्रात फोटो आले, की मोटारीतून दलाल उतरू लागतात. समुद्राकडेची पडीक जमीन, जिला काल कोणी विचारत नव्हते, तिला आज दर येतो. घरात लग्न निघालेले असते, दोन भावांत वाटणी रखडलेली असते, आणि सही होऊन जाते. मग त्या जमिनीवर बाहेरच्याचे रिसॉर्ट उभे राहते. तुमच्याकडे उतरणारा पाहुणा तिथे उतरतो, आणि तुमचा मुलगा तिथे बशा उचलतो. एवढ्यावरच भागत नाही. किनाऱ्यावर रात्रभर झगझगीत दिवे लागले की अंडी घालायला आलेली मादी पाण्यातूनच माघारी फिरते. पिल्लेही उजेडाच्या दिशेने, म्हणजे समुद्राऐवजी जमिनीकडे, चालू लागतात. ज्याच्यामुळे गावाला दर आला तेच नाहीसे होते. भरतीरेषेपासून किती अंतरात काय बांधता येते याचे कायदे आहेत. ग्रामपंचायतीने ते माहीत करून घ्यावेत आणि ठराव करताना कागद वाचून सही करावी.

समुद्र नाही, मग?

देशावरचे वाचक म्हणतील, आमच्याकडे ना समुद्र ना कासव. पण डोळे उघडून पाहा. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले तेव्हा भीमाकाठच्या कित्येक गावांची काळी जमीन पाण्याखाली गेली. त्याच फुगवट्यावर आता भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि ते दाखवायला गावातली मासेमारी करणारी मंडळी आपल्या होड्यांतून पाहुण्यांना नेतात. बुडालेल्या जमिनीची भरपाई होडीभर पाहुण्यांनी होत नाही, हे खरे. पण पक्षी कुठे बसतात, किती जवळ गेले तर उडतात, हे त्या नावाड्यांइतके पुस्तक वाचलेल्यालाही ठाऊक नसते.

साताऱ्याच्या कास पठाराची गोष्ट तर गुरे राखणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. फुलांच्या दिवसांत गर्दी एवढी लोटली की वनखात्याने आणि भोवतालच्या गावांच्या समित्यांनी मिळून प्रवेश शुल्क लावले, रोजच्या माणसांना मर्यादा घातली, आणि गावातली मुले राखणदार व वाटाडे म्हणून उभी केली. तोवर ठीक. पण पठाराला जाळीचे कुंपणही घातले गेले आणि गुरांचे चरणे बंद झाले. मग गावकरी आणि काही वनस्पतीजाणकार म्हणू लागले की, गुरे चरत नसल्याने गवत माजते आणि खालच्या नाजूक फुलांना ऊन मिळत नाही. पुढे ते कुंपण काढावे लागले. गुराख्याला आधीच विचारले असते तर जाळीचा खर्च वाचला असता, नाही का?

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला वळवाच्या सुमारास काजव्यांनी झाडे लखलखतात. तिथे उलटा अनुभव आहे. रात्री मोटारींच्या रांगा, डोळे दिपवणारे दिवे, झाडाखाली तुडवातुडव. काजवा चमकतो तो मादीला बोलावण्यासाठी. तुमच्या दिव्यापुढे तिला तो दिसायचा कसा? तिथे गर्दी आवरण्यासाठी वनखात्याला बंधने घालावी लागली.

तेव्हा तुमच्या गावात असे काही करायचे मनात असेल तर आधी ग्रामसभेत बसा, आणि पाहुण्यांचा फलक नंतर रंगवा. एका वेळी किती माणसे घ्यायची? गाड्या वेशीबाहेर कुठे थांबवायच्या? कचरा कोण उचलणार? पाहुणे कोणाच्या घरी उतरणार? हा शेवटचा प्रश्न सर्वांत भांडणाचा. पाटाच्या पाण्याची पाळी लावतो तशी घरांची पाळी लावा. रस्त्याकडेच्या चार घरांनी सारे पाहुणे अडवले आणि मागच्या वाडीला काहीच मिळाले नाही, तर मागच्या वाडीने कासवाची किंवा काजव्याची राखण का करावी? रात्री गस्त घालायला पोरे त्याच वाडीतून येतात. दर माणशी थोडी रक्कम राखणीच्या कामासाठी बाजूला काढा आणि तिचा हिशेब चावडीच्या फळ्यावर लिहा. फळ्यावरचा हिशेब कोणालाच आवडत नाही. पण त्याने भांडणे निम्मी होतात.

एखाद्या सुट्टीत वेळास प्रत्यक्ष पाहून यायचे असेल तर मंडणगडवरून बाणकोटच्या रस्त्याने जाता येते. हरिहरेश्वरकडून येणाऱ्यांनी बागमांडल्याला फेरीबोटीत बसून वेसवीला उतरावे, तिथून वेळास जवळच. निघण्याआधी गावात फोन करून घरट्यांची विचारपूस करा. कोणत्या घरट्याचे दिवस भरत आले आहेत ते तिथली मंडळी सांगतात. पहाटे किनाऱ्यावर जाताना विजेरी लावू नका, दोरीच्या अलीकडे उभे राहा, पिल्लाला हात लावू नका, आणि मोबाइलचा झगमगाट पिशवीतच राहू द्या. टोपली उचलल्यावर खाली नुसती वाळू दिसली तर यजमानांवर रागावू नका. संध्याकाळी पुन्हा उचलतात.